मागून सायकल धरणारा हात

आपल्या रोजच्या वापरातल्या वस्तूंचा इतिहास सांगताना आपण याआधी जातं पाहिलं, चूल पाहिली, शिलाई मशीन पाहिलं. आज पाळी सायकलची.

जातं आईकडून लेकीकडे आलं, चूलही तशीच आली. सायकल मात्र तशी आली नाही. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आईला सायकल येत नव्हती, आजीने तर तिला हातही लावला नव्हता. आणि तरी आज आपल्या लेकी सायकलवरून शाळेत जातात. जी गोष्ट आपल्याला येत नाही, ती लेकीने शिकावी म्हणून आपण अंगणात उभ्या राहतो, तिच्या मागे पळतो, ती पडली की काळीज हलतं. सायकल शिकवायची म्हणजे कधी ना कधी हात सोडावाच लागतो. धरून ठेवलं तर ती येतच नाही. म्हणून आजचा इतिहास सायकलचा आहे, तसाच तो मागून सायकल धरणाऱ्या हाताचाही आहे.

पायडल नसलेली सायकल

पहिली सायकल लाकडाची होती आणि तिला पायडल नव्हतं. जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस नावाचा एक वनाधिकारी होता. १८१७ साली त्याने एकामागे एक दोन चाकं लावली, मध्ये बसायला लाकडी पाट, पुढचं चाक वळवायला दांडी. त्यावर बसायचं आणि दोन्ही पायांनी जमिनीला रेटा देत पळायचं. वेग आला की पाय उचलायचे, गाडी आपसूक पुढे जाते. मानहाइम गावातून निघून तासाभरात तो तेरा-चौदा किलोमीटरचा फेरा करून आला. लोक हसले. पण दोन चाकांवर माणूस न पडता जाऊ शकतो, ही गोष्ट त्या दिवशी कळली.

पायडल यायला पुढे चाळीस-पन्नास वर्षं गेली. १८६० नंतर पॅरिसमध्ये पुढच्या चाकालाच पायडल बसवलं. मग जास्त वेग हवा म्हणून पुढचं चाक मोठं मोठं होत गेलं, इतकं की माणसाच्या छातीला लागेल. मागचं चाक मात्र एवढंसं. या उंच सायकलवर बसायला शिडी चढल्यासारखं चढावं लागे आणि एखादा दगड आडवा आला की स्वार तोंडावर आपटे. घेरदार झगे घालणाऱ्या तिकडच्या बायांना तर ती चालवणं शक्यच नव्हतं. जिवावर उदार झालेल्या तरुण पोरांचा तो खेळ होता.

१८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्ली याने दोन्ही चाकं जवळपास सारखी केली आणि मागच्या चाकाला चेन लावली. पाय जमिनीला टेकू लागले. तिला नावच पडलं ‘सुरक्षित सायकल’. आज आपल्या ओसरीला टेकून ठेवलेली सायकल बघा, तिची घडण तीच आहे. थोड्याच दिवसांत मधला दांडा खाली वाकवलेली, चेनवर झाकण असलेली लेडीज सायकल निघाली. झगा चेनमध्ये अडकू नये म्हणून केलेली ही सोय पुढे आपल्या साडीलाही उपयोगी पडली.

लेकराच्या हाडाला धक्का बसू नये म्हणून

आता सायकलच्या इतिहासातला एक बाप भेटतो. सायकलची चाकं तोवर लोखंडी नाहीतर भरीव रबराची होती. दगडी रस्त्यावर चाललं की अंग खिळखिळं व्हायचं. आयर्लंडमधल्या बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलप नावाचा गुरांचा डॉक्टर राहायचा. त्याचा नऊ-दहा वर्षांचा मुलगा तीनचाकी सायकल चालवायचा आणि त्या खडबडीत रस्त्यावर त्याला फार दचके बसायचे. बाप बघत होता. बघता बघता त्याच्या मनात आलं, चाकाला हवेची गादी लावली तर?

त्याने लाकडाची चकती घेतली, तिच्याभोवती रबराची नळी गुंडाळली आणि पंपाने हवा भरली. मग अंगणात दोन चाकं सोडून पाहिली. एक मुलाच्या सायकलचं भरीव रबराचं, दुसरं हवेचं. भरीव चाक मध्येच आडवं पडलं. हवेचं चाक अंगण ओलांडून पलीकडे गेलं. १८८८ साली त्याने याचं पेटंट घेतलं. पुढे कळलं की हवेच्या चाकाची कल्पना आणखी एका माणसाने चाळीसेक वर्षं आधीच नोंदवून ठेवली होती, पण ती वापरात आली नव्हती. वापरात आणलं ते या बापाने. १८८९ साली बेलफास्टच्या शर्यतीत हवेच्या चाकावरचा गडी जिंकला आणि भरीव चाकांचे दिवस भरले. त्या डनलपच्या नावाच्या टायरचा कारखाना १९३६ साली आपल्या देशात, बंगालमधल्या साहागंज इथे उभा राहिला.

गावच्या पंक्चरवाल्याकडे पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडा शोधताना आपण पाहतो ना, त्या ट्यूबची सुरुवात एका लेकराला दचके बसू नयेत या काळजीतून झाली आहे. त्या बापाने पोराची सायकल काढून घेतली नाही, चाकच सुधारलं. लेकराची काळजी आपण सगळेच करतो. ती काळजी लेकराला घरात बसवते की त्याची वाट सोपी करते, एवढा फरक असतो.

सायकल आणि बाईची जात

सुरक्षित सायकल आणि हवेचं चाक आल्यावर १८९० नंतरच्या दहा वर्षांत युरोप-अमेरिकेतल्या बाया मोठ्या संख्येने सायकल शिकल्या. त्यांना शिकवायला मोठ्या दालनांत वर्ग भरत. शिकवणारा मागून धरून पळत असे. आणि बाई सायकलवर बसली रे बसली की आरडाओरडा सुरू झाला. डॉक्टर म्हणू लागले, सायकलने बायांचा चेहरा ताणलेला, डोळे बाहेर आलेले असा होतो. त्या ‘रोगा’ला त्यांनी ‘सायकल-चेहरा’ असं नावही दिलं. कुणी म्हणालं, पोटातल्या इंद्रियांना धक्का बसेल, मुलं होणार नाहीत. कुणी म्हणालं, बाई एकटी कुठेही जाईल, मग घराचं काय?

यातलं शेवटचं तेवढं खरं होतं. बाई कुठेही जाऊ शकत होती.

अमेरिकेत फ्रान्सेस विलार्ड नावाची बाई दारूबंदीच्या मोठ्या महिला संघटनेची अध्यक्ष होती. गावोगावी दारूचे गुत्ते बंद करा म्हणून तिने बायांना रस्त्यावर आणलं. आपल्या गटांतल्या ज्या बाया दारूबंदीसाठी बाटली आडवी करायला उभ्या राहिल्या, त्यांना ही बाई आपली वाटेल. लहानपणी ती रानोमाळ हुंदडायची. सोळाव्या वर्षी तिच्या अंगावर लांब झगा आला आणि हुंदडणं बंद झालं. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी ती सायकल शिकली. रोज दहा-पंधरा मिनिटं, असे सुमारे तीन महिने. आधी दोन-तीन जणांनी धरलं, मग एकाने, मग कुणीच नाही. १८९५ साली तिने या शिकण्यावर एक छोटं पुस्तकही लिहिलं. तिकडे बायांच्या मतदानासाठी आयुष्यभर झटलेल्या सुझन अँथनी यांनी १८९६ च्या सुमारास सांगितलं होतं की बायांना मोकळं करण्यात सायकलइतकं काम दुसऱ्या कशानेच केलं नाही.

ते डॉक्टर गेले, सव्वाशे वर्षं उलटली, पण त्यांची कुजबुज आपल्याकडे अजून आहे. ‘मोठ्या झालेल्या पोरीने सायकल चालवू नये, अंगाला इजा होते, उद्या लग्नात अडचण येईल.’ हे बोलणं उघडपणे होत नाही, म्हणून आज आम्ही उघडपणे सांगतो. सायकलने मूल होण्यावर काही परिणाम होत नाही. राहिली योनीच्या तोंडाशी असलेल्या पातळ पडद्याची गोष्ट. तो प्रत्येकीचा जन्मतः वेगळा असतो, आणि तो बघून कुणाच्या शीलाबद्दल काहीही सांगता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली अशा तपासणीला शास्त्राचा काही आधार नाही, ती बंद करा, असं जगाला सांगितलं आहे. पाळीच्या दिवसांत त्रास होत नसेल तर सायकल चालवायला हरकत नाही. दुखत असेल तर विसावा घ्यावा, जसा इतर कामातून घ्यावा तसाच.

आपल्याकडे सायकल आली ती कुणाची?

आपल्या देशात सायकल इंग्रजांबरोबर आली. आधी साहेब, मग शहरातले वकील, डॉक्टर, मास्तर, कारकून. हर्क्युलस, रॅले, बीएसए ही नावं विलायतेहून बोटीने आली. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यातले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे १९२८ साली सुमारे ७१ हजार किलोमीटर चालवून परत आले. वाळवंटं, बर्फाचे डोंगर, जंगलं सगळं ओलांडलं. मुलग्यांसाठी सायकलची मर्यादा साऱ्या जगाएवढी होती. त्याच काळात बहुतेक मुलींना घरापासून विहिरीपर्यंतही ती मिळत नव्हती.

स्वातंत्र्यानंतर इथेच कारखाने निघाले. मद्रासजवळ, आसनसोलला, सोनीपतला, लुधियानाला. ॲटलास, एव्हन, हिरो ही नावं घरोघर पोचली. लुधियानाच्या हिरो कंपनीने सायकली बनवायला १९५६ मध्ये सुरुवात केली आणि १९८६ मध्ये तिची जगातली सर्वांत मोठी सायकल बनवणारी कंपनी म्हणून नोंद झाली. दुधाच्या किटल्या, टपाल, वर्तमानपत्रं, भाजीच्या पाट्या, पिठाचा डबा, सगळं सायकलवर आलं. पुण्याला तर सायकलींचं शहर म्हणत. नगरपालिका सायकलवर कर घ्यायची आणि पत्र्याचा बिल्ला द्यायची. रात्री दिवा नसेल किंवा डबलसीट दिसलं की पोलीस चाकाची हवा सोडायचे, हे जुन्या माणसांना चांगलं आठवत असेल.

आणि अजून एक यादी आठवते. हुंड्याची. घड्याळ, सायकल, रेडिओ. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली आला, पण यादी चालूच राहिली. जावई रुसला की सायकलसाठी रुसायचा. ज्या बापाने लेकीला कधी सायकलला हात लावू दिला नाही, त्याच बापाने कर्ज काढून जावयाला सायकल घेतली. लेक त्या सायकलच्या कॅरिअरवर, नाहीतर पुढच्या दांड्यावर बसून सासरी गेली. घरातली सायकल तिच्या लग्नाची होती, पण तिची नव्हती.

हाफ पायडलचे दिवस

गावातली मुलं सायकल शिकली ती बापाच्या मोठ्या सायकलवर. सीटपर्यंत पाय पोचायचे नाहीत. मग दांड्याखालून एक पाय पलीकडे घालायचा, काखेत सीट धरायची आणि अर्धंच पायडल मारत वाकडं वाकडं जायचं. हाफ पायडल आलं की फुल पायडल, मग दांड्यावर, आणि शेवटी सीटवर. ज्यांच्या घरी सायकल नव्हती ते चार आणे, आठ आणे जमवून दुकानातून तासाने सायकल आणायचे. एक तास सायकल आणि पाच पोरं. एक वर, चार मागे पळणारी. कुणी कॅरिअरला आडवा बांबू बांधायचं, म्हणजे सायकल पडली तरी पोरगं खाली चेंगरत नसे.

या पळणाऱ्या पोरांत मुलगी क्वचितच असायची, आणि असली तरी दहा-बारा वर्षांची होईपर्यंतच. आमच्या गटाच्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा वयस्कर बायांकडून जवळपास एकच गोष्ट ऐकायला मिळाली. भावाची सायकल दुपारी सगळे निजल्यावर गुपचूप काढायची. परकर खोचायचा. मळ्याच्या वाटेने हाफ पायडल मारत जायचं. गुडघा फुटला की खाटेला ठेचकाळले म्हणून सांगायचं. आई ओळखायची. हळद लावायची आणि काही बोलायची नाही. या न बोलण्याची नोंद कुठल्या पुस्तकात नाही. तो मागून दिलेला आधारच होता.

ज्या आईने ‘नको’ म्हटलं तिलाही आपण आज दोष देऊ नये. पोरीचा हात मोडला तर ‘आता हिला कोण करील’ हा प्रश्न तिलाच विचारला जाणार होता. पोरगी वाटेत कुणाशी बोलली तर बोल तिलाच लागणार होता. भीती तिची एकटीची नव्हती, गावाने तिच्या पदरात बांधलेली होती.

पुदुकोट्टईच्या बाया

ही भीती एकटीने सुटत नाही. पण शेकडो जणी एकदम सायकलवर बसल्या तर? असं एका जिल्ह्यात खरोखर घडलं आहे.

तामिळनाडूत पुदुकोट्टई हा एक गरीब, कोरडवाहू जिल्हा. खाणीत दगड फोडणाऱ्या, शेतात मजुरी करणाऱ्या बाया तिथे पुष्कळ. १९९१ साली तिथे ‘अरिवोळी इयक्कम’, म्हणजे ज्ञानप्रकाशाची चळवळ, सुरू झाली. काम होतं प्रौढांना लिहा-वाचायला शिकवण्याचं. शीला राणी चुंकत या तेव्हा तिथल्या जिल्हाधिकारी होत्या. शिकवणाऱ्या कार्यकर्त्या बाया एका गावाहून दुसऱ्या गावी जाणार कशा? बाई बाहेर पडली नाही तर अक्षरं घेऊन करणार काय? म्हणून सायकल शिकवणं हा साक्षरतेचाच भाग ठरवला. बँकांना सांगून बायांना सायकलसाठी कर्ज मिळवून दिलं.

एक शिकली की तिने दुसरीला शिकवायचं. संध्याकाळी कामं आटोपून बाया मैदानावर जमायच्या. पुरुष टोमणे मारायचे, तरी जमायच्या. सायकलवर गाणी रचली गेली. १९९२ च्या महिला दिनी दीड हजार बाया सायकलींना झेंडे लावून, घंट्या वाजवत गावातून गेल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी याचा वृत्तान्त लिहिला आहे. सुमारे एक लाख बाया तिथे सायकल शिकल्या. दहा वर्षांखालच्या मुली सोडल्या तर गावातल्या दर चार बायांमागे एकीहून जास्त.

एक मजेची गोष्ट अशी की लेडीज सायकली कमी पडल्या, म्हणून बायांनी जेंट्स सायकली घेतल्या, आणि पुष्कळ जणींना त्याच बऱ्या वाटल्या. का? तर पुढच्या दांड्यावर लेकराला बसवता येतं! ज्या दांड्यावर बसून बाई सासरी गेली, त्याच दांड्यावर आता तिचं मूल होतं आणि हँडल तिच्या हातात होतं. बसची वाट बघण्यात जाणारे तास वाचले. मळ्यातला माल बाजारात स्वतः नेता आला. पाण्याचे हंडे सायकलला बांधून आणता आले. पैशांत मोजलं तर हा फायदा थोडा वाटेल. पण ‘मला कुणी नेऊन सोडायची गरज नाही’ ही भावना त्या बायांना सर्वांत मोठी वाटली. आणि जी आई स्वतः सायकलवर बसली, तिने पोरीला ‘नको’ म्हणण्याचा प्रश्नच उरला नाही.

आठवीनंतरची वाट

प्राथमिक शाळा गावात असते. हायस्कूल तीन, चार, पाच किलोमीटरवर. तिथेच मुलींची शाळा तुटते. अठराव्या वर्षाच्या आत लग्न करायला १९७८ पासून बंदी आहे, पण शाळा सुटलेली चौदा वर्षांची पोर घरात दिसू लागली की स्थळं यायला लागतात. म्हणून त्या चार किलोमीटरांवर पोरीचं पुढचं सगळं आयुष्य टांगलेलं असतं.

बिहार सरकारने २००६ साली नववीत जाणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकलसाठी दोन हजार रुपये द्यायला सुरुवात केली. मुलींचे थवेच्या थवे सायकलवरून निघाले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी याचा नीट अभ्यास केला. शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्यांनी दाखवलं की या योजनेने वयानुरूप माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगी यांच्यातली तफावत ४० टक्क्यांनी घटली. सर्वांत जास्त फरक पडला तो शाळा तीन किलोमीटरहून लांब असलेल्या गावांत.

आपल्या महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली १२५ मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. २०२२ साली ही रक्कम पाच हजार रुपये झाली. आपला तालुका त्यात असेल तर मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. काही ठिकाणी मुलींसाठी मानव विकासच्या निळ्या बस आहेत. ज्या मुलीला अर्ज कुणी भरून दिला नाही म्हणून सायकल मिळाली नाही, तिचा अर्ज गटाने भरावा.

२०२० च्या टाळेबंदीतली ती पंधरा वर्षांची मुलगी आठवते? जखमी बापाला मागे बसवून ती गुरुग्रामहून बिहारमधल्या दरभंग्यापर्यंत, सुमारे बाराशे किलोमीटर, सायकल चालवत गेली. देशाने तिचं कौतुक केलं. आम्हालाही कौतुक वाटलं, आणि रागही आला. एवढ्याशा पोरीवर आणि आजारी बापावर ती वेळ यायलाच नको होती. पण तिला सायकल येत होती म्हणून दोघं घरी पोचले, हेही खरं.

हात कधी सोडायचा?

आता थोडं कामाचं. दोनशे वर्षांच्या या इतिहासातून शिकवण्याची एक सोपी रीत हाती लागते. ड्राइसच्या गाडीला पायडल नव्हतं. माणसाने तोल आधी सांभाळला, पायडल नंतर आलं. लेकरालाही तसंच शिकवावं. सीट इतकी खाली करा की दोन्ही पाय सपाट टेकतील. दोन्ही पायडलं काढा. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, म्हणून ते सायकलवाल्याकडूनच काढून घेतलेलं बरं. मग किंचित उताराच्या, मऊ मातीच्या जागेवर पायाने रेटत पळू द्या. दोन-चार दिवसांत पाय आपसूक वर उचलले जातात. मग पायडलं परत बसवा.

धरायचंच असेल तर हँडल धरू नका. सायकल डावीकडे कलली की हँडल थोडं डावीकडे वळवावं लागतं, तेव्हा चाक पुन्हा अंगाखाली येतं. हे वळवणं लेकराच्या हाताला शिकायचं असतं. आपण हँडल घट्ट धरलं तर ते शिकणारच नाही. सीटच्या मागे किंवा काखेखाली हलका आधार द्या. आणि हळू चालवलं तर पडणार नाही, हा समज काढून टाका. थोडा वेग असला की तोल सांभाळायला सोपं जातं.

रस्त्यावर पाठवताना मात्र काळजी हवीच. आपली सगळी भीती वेडी नाही. उसाचे ट्रॅक्टर, भरधाव गाड्या, अंधार, वाटेत उभी राहणारी टवाळ पोरं हे सगळं खरं आहे. त्याला पोरीला घरी बसवणं हा उपाय नाही. ब्रेक आणि घंटी चालते का बघा. मागे लाल चमकपट्टी लावा. ओढणी, परकर चेनमध्ये जाणार नाही असा बांधा. चार-पाच मुलींनी मिळून जायचं ठरवा. बिहारच्या मुली थव्याने जात, त्यात त्यांचं बळ होतं. टवाळखोरांचा बंदोबस्त पोरीने एकटीने करायचा नसतो, तो गटाने ग्रामसभेत मांडायचा असतो. रस्त्यावरचा खड्डा आणि बंद पडलेला दिवा हेही मुलींच्या शिक्षणाचेच विषय आहेत.

आणि मैत्रिणींनो, स्वतःही शिका. फ्रान्सेस विलार्ड त्रेपन्नाव्या वर्षी शिकली. पुदुकोट्टईच्या दगड फोडणाऱ्या बाया शिकल्या. लेकीला म्हणा, आता तू मागून धर.

तोवर गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गावात सायकल चालवणारी पहिली बाई कोण, हे विचारून काढा. म्हाताऱ्या आजींना विचारा, त्यांना आठवेल. कुणाची सायकल होती, कुणी धरली, कोण काय बोललं, सगळं लिहून ठेवा. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या. आलेल्या आठवणी आम्ही याच कार्यक्रमात वाचून दाखवू. पुढच्या वेळी बोलू या हातपंपाविषयी. नमस्कार.